रिन्यूअलची दलाली कसली घेता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी भाडी किती वाढली त्याच्या बातम्या येतात, हिंजवडी, बाणेर, खराडी, कुठे किती, त्या वाचून आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतोच, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाडं वाढलं तर ते निदान ओनरच्या खिशात जातं, घर त्याचं आहे, हप्ता त्याचा चालू आहे, मेंटेनन्स तो भरतो. मला लिहायचंय ते त्या पैशाबद्दल जो ओनरला मिळत नाही, सरकारला मिळत नाही, सोसायटीला मिळत नाही, आणि तरी आम्ही भाडेकरू दर अकरा महिन्यांनी गुपचूप देत बसतो. म्हणजे ॲग्रीमेंट रिन्यू करताना ब्रोकरने मागितलेली दलाली.

आम्ही वाकडला टूबीएचकेमध्ये राहतो. ओनर काका कोथरूडला असतात, खडकीला फॅक्टरीत होते, आता रिटायर आहेत, माणूस सरळ. घर मिळालं तेव्हा ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं, ते आम्ही दिलं, कारण त्याने खरंच चार घरं दाखवली होती, किल्ल्या आणल्या होत्या, काकांशी बोलणं करून दिलं होतं. काकांकडूनही त्याने तेवढेच घेतले हे नंतर कळलं, पण ठीक आहे, पुण्यात दोन्हीकडून घ्यायची पद्धतच आहे म्हणतात. पुढे वर्षभर या गृहस्थाचा एक फोन नाही. बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा मी त्यालाच आधी फोन केला होता, तर म्हणाला ताई ते ओनरशी बोला, आपला रोल संपला. त्याचेच शब्द. आणि ॲग्रीमेंट संपायला महिना राहिला तसा सकाळी सकाळी मेसेज, गुड मॉर्निंगच्या फुलांसकट, की ताई आपलं ॲग्रीमेंट ड्यू आहे, रिन्यूअल ब्रोकरेज पंधरा दिवसांचं भाडं प्लस जीएसटी, प्लस ॲग्रीमेंट चार्जेस, प्लस पोलिस व्हेरिफिकेशन.

आता यात त्याने काय केलं ते मला कुणीतरी सांगावं. भाडं किती वाढवायचं ते काकांनी आणि माझ्या मिस्टरांनी फोनवर पाच मिनिटांत ठरवलं. घर आम्ही आधीपासून बघितलेलं, त्यातच राहतोय. नवीन माणूस शोधायचा नाही, नवीन घर दाखवायचं नाही. लग्न जुळवलं म्हणून मध्यस्थाने दर ॲनिव्हर्सरीला आहेर मागायला यावं तसला हा प्रकार. मी विचारलं की हे कशाचे, तर उत्तर ठरलेलं, मार्केटचा रूल आहे. हा रूल कुठे लिहिलाय विचारलं तर सगळेच घेतात. सगळेच घेतात हे काही उत्तर झालं का?

हे फक्त आमच्याकडे नाही. ऑफिसमध्ये विषय काढला तर प्रत्येकाकडे स्वतःची कहाणी निघाली. ठाण्याला राहणारी मैत्रीण म्हणाली आमच्याकडे अर्धं भाडं, तिच्या नणंदेकडे अंधेरीला रिन्यूअललाही पूर्ण महिना मागितला. कुणी घासाघीस करून निम्मं देतं, कुणी वाद नको म्हणून पूर्ण देतं, पावती मात्र कुणालाच मिळालेली नाही. आणि गंमत बघा, नाही म्हटलं तर ब्रोकर आपल्याला काही करू शकत नाही, पण तो ओनरला फोन करतो. की साहेब तुमचा फ्लॅट आजच्या मार्केटला तीस हजाराला जातोय, तुम्ही पंचवीसमध्ये का देताय, माझ्याकडे पार्टी रेडी आहे. का करणार नाही? हिशोब सोपा आहे. आम्ही राहिलो तर त्याला फार तर पंधरा दिवसांचं मिळणार. आम्ही गेलो तर नवीन भाडेकरूकडून एक महिना आणि ओनरकडून एक महिना, आणि आम्हालाही कुठेतरी घर लागणारच, तिथेही एक महिना. म्हणजे भाडेकरू स्थिर राहिला तर ज्याचं नुकसान होतं त्याच माणसाला आपण रिन्यूअलच्या मध्ये बसवतो. ओनरलाही हे परवडत नसतं खरं तर, घर एक महिना रिकामं पडलं की भाडं वाढवून मिळालेलं सगळं त्यातच जातं, वर रंगकाम आलं. पण हे गणित त्यांना कुणी मांडून दाखवत नाही.

वेळ पण बरोबर साधतात. आमच्या मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते, बसचे पैसे आधीच भरलेले असतात, बसचा रूट ठरलेला असतो. अशा वेळी कोण घर बदलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

वर कायद्याची भीती घालतात ती वेगळीच. ताई ॲग्रीमेंट एक दिवस जरी वर गेलं तरी डबल भाडं लागतं. हे पूर्ण खोटं नाही म्हणून जास्त त्रासदायक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४, त्यात खरंच आहे की लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देण्याच्या आपल्या नेहमीच्या कराराची, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर ओनरला ताबा मागता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण हा हक्क ओनरचा आहे. ओनर स्वतः म्हणतोय राहा, नवीन ॲग्रीमेंट करू, तिथे ब्रोकरने हे कलम दाखवून स्वतःचे पंधरा दिवस वसूल करायचे याला काय म्हणायचं? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आता या सगळ्याचं मूळ जे आहे त्यावर येते, ते अकरा महिने. अकराच का? मला कायम वाटायचं की सरकारचाच नियम असेल. माझ्या मामेभावाने, तो कोर्टात वकिली करतो, समजावून सांगितलं ते असं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे. म्हणून देशभर लोकांनी शक्कल काढली की अकरा महिन्यांचं करा, रजिस्ट्रेशन वाचतं, साध्या स्टॅम्प पेपरवर काम होतं. बाकी बऱ्याच राज्यांत ठीक आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट आहे की करार लेखीच पाहिजे आणि रजिस्टरच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि रजिस्टर करायची जबाबदारी ओनरची आहे, केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांत जे वाचत होतं ते आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच संपलं. तरी आपण अकरा महिनेच करतोय, आणि दर अकरा महिन्यांनी ब्रोकर हजर.

दुसरी भीती ओनर लोकांची, आणि ती मी खोटी म्हणणार नाही. आमच्या काकांचं लहानपण सदाशिव पेठेत वाड्यात गेलं, वाडा त्यांच्या चुलत्यांचा, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या, भाडं इतकं की वसूल करायला जायची रिक्षा महाग पडावी. तो सगळा १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टचा जमाना, भाडेकरू हलवता येत नसे, भाडं वाढवता येत नसे. त्यात पुढे कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं, म्हणजे तात्पुरता म्हणून ठेवलेला माणूस कायमचा झाला. ज्यांच्या घरात हे घडलं ते लोक आजही भाडेकरू म्हटलं की दचकतात, आणि मुलांनाही तेच सांगून जातात की जास्त दिवसांचं करून देऊ नकोस, घर जाईल. पण आता १९९९ च्या कायद्यात लायसन्सची मुदत कितीही असली तरी ती संपली की घर सोडावंच लागतं, त्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं नाही तर वेगळ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि लेखी करार हाच तिथे निर्णायक पुरावा धरतात. तीन वर्षांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स केलं म्हणून भाडेकरू घर गिळत नाही. काकांना हे पटायला वेळ लागला. मामेभावाशी फोनवर बोलले तेव्हा कुठे पटलं, आणि मग म्हणाले की अहो हे मला त्या ब्रोकरने का नाही सांगितलं? तो कशाला सांगेल.

आता खर्चाचं बघा, कारण ब्रोकर म्हणतात जास्त मुदतीचं केलं तर स्टॅम्प ड्युटी खूप लागते. मुद्रांक शुल्काचा हिशोब साधा आहे, साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सला एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के. पंचवीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने, तर भाडं झालं २,७५,०००, व्याज साधारण ९,१६७, आणि त्यावर शुल्क येतं ७१० रुपयांच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर थोडंफार हाताळणीचं शुल्क. तेच छत्तीस महिन्यांचं केलं, तेच भाडं ठेवलं, तर ९,३०,००० वर २,३२५ रुपये, आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तरी अडीच हजारांच्या आतच. रजिस्ट्रेशन फी तीच एकदाची हजार. म्हणजे तीन वेळा अकरा-अकरा महिन्यांचं करून सरकारला पाच हजारांच्या वर देतो आणि मिळतात तेहतीस महिने, एकदाच छत्तीसचं केलं तर साडेतीन हजारांच्या आसपास. आणि त्या तीन वर्षांत दोनदा पंधरा दिवसांची दलाली वाचली ती पंचवीस हजार, अख्ख्या महिन्याचं भाडं. जीएसटी वेगळाच.

जीएसटीवरून आठवलं. साडेबारा हजारांवर १८ टक्के म्हणजे २,२५० रुपये त्याने मागितले, मी म्हटलं द्या जीएसटी नंबर आणि टॅक्स इन्व्हॉइस, मिस्टरांना लागतं. मग त्याचा सूरच बदलला. वर्षाला वीस लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला जीएसटी रजिस्ट्रेशन घ्यावं लागत नाही, आणि ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही. त्या दोन हजारांचा विषय त्याने परत काढला नाही. आपल्या वाचकांना एवढंच सांगते की कुणी प्लस जीएसटी म्हटलं तर नंबर मागा, बाकी वाद घालायची गरज पडत नाही.

ॲग्रीमेंट चार्जेसबद्दल मात्र मी भांडणार नाही, ते काम दिसतं डोळ्यांनी. आमच्याकडे रजिस्ट्रेशनला जो मुलगा आला होता तो लॅपटॉप, कॅमेरा आणि थंबचं मशीन घेऊन संध्याकाळी घरी आला, आता दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांग लावायला लागत नाही हे सरकारने खरंच चांगलं केलंय. आमचा सगळ्यांचा अंगठा एका फटक्यात मॅच झाला, काकांचा होईना. मशीनवर काम करून करून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. मुलगा म्हणाला काका हात धुवून या, धुवून आले, नाही झालं. मग म्हणाला कपाळावर घासा, केसांना घासा, थोडं तेल लागलं की घेतं. काका डायनिंग टेबलाशी बसून अंगठा कपाळावर घासतायत आणि आमची मुलगी हसून हसून खाली बसायची बाकी. शेवटी दुसऱ्या बोटाने झालं. त्याला तासभर लागला, त्याआधी ड्राफ्ट करून पाठवला होता, चलन भरलं होतं, साक्षीदारांचे आधार जुळवून घेतले होते, आणि नंतर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, मेल केला. याचे त्याने जे काही घेतले ते त्याचा घामाचा पैसा. माझं म्हणणं एवढंच की काम केलं त्याने पैसे घ्यावेत, आणि या सगळ्यात ब्रोकर कुठेच नव्हता. तो मुलगाही आम्ही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून शोधला.

ड्राफ्टवरून एक गोष्ट मुद्दाम लिहितेय. पहिल्या वेळेला ब्रोकरने जो ड्राफ्ट पाठवला होता तो इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि त्यात लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ), नोटीस, पेंटिंग या सगळ्याच्या मध्ये एक कलम होतं की रिन्यूअलच्या वेळी लायसन्सी, म्हणजे भाडेकरू, अमुक एजंटला पंधरा दिवसांच्या लायसन्स फीएवढं ब्रोकरेज देईल. करार ओनर आणि आमच्यात, आणि त्यात तिसऱ्याची फी पुढच्या सगळ्या वर्षांसाठी लिहून ठेवलेली. माझ्या मिस्टरांना सवय आहे वाचायची, ते बँकेत असतात, त्यांनी ते तिथल्या तिथे काढायला लावलं. त्यामुळे या वेळी ब्रोकरकडे दाखवायला कागद नव्हता. पण किती जण वाचतात? संध्याकाळी सातला थंबवाला येतो, आठला टेम्पो यायचा असतो, स्क्रीनवर भराभर पानं सरकवतात आणि आपण अंगठा देतो. ड्राफ्ट आधी मागून घ्या आणि ब्रोकरेज हा शब्द त्यात कुठे आहे का तेवढं तरी शोधा. नसेल तर रिन्यूअलला त्याला काहीही देणं लागत नाही, तुम्ही कबूलच केलेलं नाही.

पोलिस व्हेरिफिकेशनचंही तेच. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावीच लागते, त्यात टाळाटाळ नको, आयुक्तांचे तसे आदेश निघतात आणि माहिती दिली नाही म्हणून घरमालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. पण ती माहिती पोलिसांच्या वेबसाइटवर स्वतः भरता येते. फोटो, आधार, ॲग्रीमेंट अपलोड करायचं. त्याचे वेगळे हजार रुपये कशाला?

सोसायट्यांनीही यात आपला हात धुवून घेतलाय. आमच्याकडे रिन्यूअलला सोसायटीची एनओसी लागते म्हणून सेक्रेटरींनी फॉर्म दिला, त्यावर फी. आदर्श उपविधींमध्ये सभासदाने फ्लॅट लायसन्सवर देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे ओनर स्वतः राहत नाही म्हणूनचे पैसे, सोसायटी घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, आणि ते सभासदाने म्हणजे ओनरने द्यायचे. ते भाडेकरूकडून, तेही रिन्यूअल फी असं वेगळंच नाव देऊन घेतात. काकांनी सेक्रेटरींना एक पत्र दिलं तर फॉर्म मुकाट परत गेला. भाडेकरूने दिलं असतं तर गेला नसता हेही खरंच.

आता ब्रोकर लोकांची बाजू. सगळे तसे नाहीत, आणि त्यांचं पोट त्यावर आहे हे मला कळतं. दहा घरं दाखवतात तेव्हा एक ठरतं, पेट्रोल त्यांचं जातं, ओनर ऐनवेळी पलटतो. बॅचलर मुलं, एकटी राहणारी बाई, नुसतं आडनाव ऐकून फोन ठेवणारे ओनर, या सगळ्यांत घर मिळवून देणारा एखादा ब्रोकर खरंच देवासारखा वाटतो, माझ्या धाकट्या बहिणीला विमाननगरला तसाच एक भेटला होता, तिने त्याला ठरल्यापेक्षा जास्त दिले, आनंदाने दिले. (ब्रोकरला आडनाव सांगायची पाळी येते हाच खरा लाजिरवाणा विषय आहे, पण तो वेगळा.) पहिल्या महिन्याच्या दलालीबद्दल म्हणूनच मी चकार शब्द काढत नाही.

आणि काही ठिकाणी रिन्यूअललाही काम असतं. ओनर न्यू जर्सीला, फ्लॅट मगरपट्ट्याला, पॉवर ऑफ ॲटर्नी भावाच्या नावाने, अशा वेळी गीझर बदलण्यापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत एजंटच बघतो. बघू दे ना. पण मग ते काम त्या ओनरचं आहे, पैसे त्याने द्यावेत. ज्याने काम सांगितलं त्याने दाम मोजावा, एवढा साधा हिशोब.

हे काही मी हवेतलं बोलत नाहीये. माझी आत्तेबहीण इंग्लंडमध्ये आहे, लेस्टरला, तिला हा सगळा प्रकार सांगितला तर म्हणाली इथेही अगदी हेच होतं, रिन्यूअल फी, रेफरन्स चेकची फी, इन्व्हेंटरीची फी, एजंट दर वर्षाला नवीन कागद करून पैसे काढायचे. मग १ जून २०१९ पासून तिथे कायदाच आला आणि एजंटने भाडेकरूकडून घर दाखवल्याची, कागद केल्याची, रिन्यू केल्याची फी घ्यायची बंद. एजंटचे पैसे घरमालक देतो, कारण एजंट त्याचा. सर्वसाधारण घरांना डिपॉझिटही पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती म्हणाली भाडी काही कमी झाली नाहीत, उलट वाढलीच, पण निदान काय द्यायचं ते एका आकड्यात कळतं, मागून शेपटं निघत नाहीत. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

आपल्याकडे अडचण अशी आहे की भाड्याच्या घरांचा ब्रोकर कुठल्याच चौकटीत बसत नाही. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आलं, एजंटना नोंदणी, ट्रेनिंग, परीक्षा सगळं आलं, पण ते रेराखालच्या प्रोजेक्टमधल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी. टपरीच्या बाजूला बोर्ड लावून, किंवा बोर्डही न लावता नुसत्या मोबाइलवर भाड्याची घरं फिरवणाऱ्याला कुणाचीच नोंदणी लागत नाही. तक्रार करायची तर कुणाकडे? पोलिस म्हणतात तुमचा आपसातला व्यवहार, सोसायटी म्हणते आमचा संबंध नाही. ग्राहक आयोगात जाता येतं म्हणे, पण साडेबारा हजारांसाठी सुट्ट्या टाकून कोण जाणार, ब्रोकरला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

म्हणून नोंदणी व मुद्रांक विभागाला एक सुचवावंसं वाटतं, जमलं तर तुम्ही पोचवा. ई-रजिस्ट्रेशनचा सगळा डेटा त्यांच्याकडेच आहे. तेच दोन पक्ष, तीच मिळकत, फक्त मुदत आणि भाडं बदललंय, अशा रिन्यूअलला जुन्या दस्ताचा नंबर टाकला की बाकी सगळं आपोआप भरून यावं. ओनर आणि भाडेकरूने दोघांनी घरी बसून करावं. मुदत टाकताना स्क्रीनवर अकरा, चोवीस, छत्तीस महिन्यांचं शुल्क शेजारी शेजारी दिसावं. आणि करारातच एक रकाना असावा, दलाली कुणी कुणाला किती दिली, पावती नंबर. हे झालं तर अर्ध्या लोकांचे मार्केट रूल आपोआप गुंडाळले जातील.

आम्ही या वेळी छत्तीस महिन्यांचं केलं, दरवर्षी ५ टक्के वाढ करारातच लिहिली, नोटीस दोन्हीकडून एक महिना, लॉक-इन सहा महिने. काकांना दर वर्षी अंगठा घासायला नको आणि आम्हाला मेसेजमधली फुलं नकोत. ब्रोकरने काकांना फोन केला होता म्हणे, की तुम्ही फसलात. काकांनी त्याला विचारलं की किती रुपयांनी फसलो ते सांग, तर त्याने फोन ठेवला.

जाता जाता संपादक साहेब, तुमच्या शनिवारच्या प्रॉपर्टी पुरवणीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नवीन टॉवरच्या जाहिराती असतात, भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक ओळ नसते. एखाद्या शनिवारी कोपऱ्यात चौकट टाकून ०.२५ टक्क्यांचा तो हिशोब आणि कलम ५५ छापाल का? जागा कमी असेल तर माझं पत्र अर्ध्यावर कापा, चालेल, पण हिशोब कापू नका.

आपली,
एक भाडेकरू, वाकड